सीट आधी, पैशाचं नंतर बघू : एका इंजिनिअरिंग प्रवेशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक, आई घर आणि शेत दोन्ही सांभाळते. तीन एकर कोरडवाहू, त्यात तूर आणि सोयाबीन. थोरली मुलगी, धाकटा मुलगा नववीत. प्रवर्ग ओबीसी. ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालयं आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, रकमाही गोल केल्या आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

मुलगी २०२५ साली बारावी विज्ञान झाली, ७८ टक्के. जूनच्या मध्यावर सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात ९१ पर्सेंटाईल. या आकड्यावरून घरात दोन टोकाची मतं झाली. वडिलांना वाटलं, ९१ म्हणजे ९१ टक्के, आता पुण्यात पाहिजे ते कॉलेज मिळणार. मामा पुण्यात चाकणला नोकरीला. त्यांचं म्हणणं, ९१ला पुण्यात कुत्रंही विचारत नाही, कॉम्प्युटर हवं असेल तर पैसे मोजावे लागतील.

दोघंही चुकत होते. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते, गुणांचं सामान्यीकरण होतं आणि आपल्यापेक्षा कमी किंवा आपल्याइतके गुण असलेले विद्यार्थी शेकडा किती, ते पर्सेंटाईल सांगतं. पीसीएम गटाला २०२५मध्ये ४ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. म्हणजे ९१ पर्सेंटाईलच्या पुढे ३५ ते ४० हजार जण. पुण्याच्या सीओईपीसारख्या नामांकित ठिकाणी कॉम्प्युटर मिळायला हे पुरेसं नाही. पण राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत, त्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच, आरक्षण आहे आणि हिच्याकडे ओबीसी प्रवर्गही होता. चांगल्या जागेची शक्यता भरपूर होती, फक्त ती कुठे आहे ते शोधायला हवं होतं.

मी तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या स्टाफरूमचं निम्मं एफसी सेंटर (अर्ज-कागदपत्रं तपासायचं सुविधा केंद्र) होतं, त्याच गर्दीत वडील प्लास्टिकची फाईल घेऊन आले. मला वाटलं, ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाबद्दल, विचारतील. त्यांनी विचारलं, "सर, पन्नास हजार टोकन भरलं तर पावती कोणाच्या नावाची घ्यायची, माझ्या की मुलीच्या?"

अडचण

मामांच्या ओळखीच्या एका माणसाने पुण्याजवळच्या खासगी महाविद्यालयात मॅनेजमेंट कोट्यातून (महाविद्यालय स्वतः भरतं त्या जागांतून) कॉम्प्युटरची सीट 'लॉक' करून देण्याचं कबूल केलं होतं. पन्नास हजार आत्ता, जुलैअखेर आणखी तीन लाख, शिवाय दरवर्षीची फी. आणि त्याने जोडलेलं वाक्य असं होतं: "फीचं टेन्शन घेऊ नका, सरकारने मुलींची फी माफ केलीय, ती तुम्हाला परत मिळणारच."

हे प्रकरण लिहायला घेतलं ते या एका वाक्यामुळे. बाकीचे गैरसमज वेळ खातात, मनस्ताप देतात. हा एकटा गैरसमज घराला सात-आठ लाखांना बुडवू शकतो.

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के लाभ मिळू लागला. आधी तो ५० टक्के होता. पण हा लाभ मिळतो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, प्रवेश घेणाऱ्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला की तीच मुलगी, त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून पूर्ण फी भरते. चार वर्षं भरते. मधेच कॅपमध्ये उडी मारता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत प्रवेश हा एक प्रश्न आणि पैसा हा दुसरा, आणि त्यांचा क्रमही ठरलेला: सीट आधी, पैशाचं नंतर बघू. खरं तर सीट कोणत्या दारातून मिळाली त्यावरच फी कोण भरणार हे ठरून जातं. जूनमध्ये घेतलेला निर्णय पुढच्या चार वर्षांचा हिशेब लिहून टाकतो. या घरात हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आणि वडील तर सरकारी कार्यालयात रोज शासन निर्णय फाईलला लावणारे.

आणखी दोन गोष्टी अडकल्या होत्या. पहिली नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे आपण ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचा दाखला. मुलीकडे होतं, पण त्याची मुदत ३१ मार्च २०२५ला संपलेली. २०२५च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६पर्यंत वैध असलेलं लागत होतं. वडिलांनी ते नव्याने काढलंच नव्हतं, कारण कार्यालयातल्या सहकाऱ्याने सांगितलं होतं की पगार वाढला, आता तुम्हाला नॉन-क्रीमीलेअर मिळायचं नाही.

दुसरी गोष्ट मुलीला नेमकं काय हवं आहे, ही. ते तिला कोणी विचारलं नव्हतं. 'कॉम्प्युटर' हा शब्द मामांचा होता.

समोरचे पर्याय

त्या दिवशी आम्ही कागदावर चार रकाने पाडले.

पहिला रकाना मॅनेजमेंट कोट्याचा. टोकनसह साडेतीन लाख वरचे. फी वर्षाला साधारण दीड लाख, चार वर्षांची सहा लाख. हॉस्टेल आणि मेस वर्षाला लाखभर, म्हणजे चार लाख. एकूण साडेतेरा लाखांच्या आसपास. त्यातले वरचे साडेतीन लाख तर कोणत्याही बँकेच्या हिशेबात बसत नाहीत. शैक्षणिक कर्ज महाविद्यालयाच्या अधिकृत फी-पत्रकावर मिळतं, देणगीवर मिळत नाही. १९८७च्या कायद्याने महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं हा गुन्हाच आहे. वडिलांचा बेत होता पतसंस्थेतून उचल घ्यायची आणि कमी पडलं तर सातबारा गहाण टाकायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संस्थास्तरीय जागा बेकायदा नाहीत. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना त्या नियमाने मिळतात. पण त्या भरायच्या कशा, याचेही नियम आहेत: जाहिरात, अर्ज, गुणवत्ता यादी. चहाच्या टपरीवर सीट 'लॉक' करणारा माणूस त्या नियमांत कुठेच नाही.

दुसरा रकाना कॅप राऊंडमधून पुणे परिसरातलं खासगी महाविद्यालय. शिक्षण शुल्काचा भार शासनावर. घरातून जाणार ते डेव्हलपमेंट फी, किरकोळ शुल्कं, हॉस्टेल, मेस, प्रवास, पुस्तकं आणि लॅपटॉप. वर्षाला सव्वा लाख धरले. चार वर्षांचे पाच लाख.

तिसरा रकाना शासकीय महाविद्यालय. फी मुळातच कमी, हॉस्टेलही स्वस्त. वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांत भागलं असतं. पण मागच्या वर्षीच्या कट-ऑफवरून सिव्हिल किंवा मेकॅनिकलचीच आशा होती.

चौथा रकाना एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी देण्याचा. तो मुलीनेच खोडला. "पुन्हा वर्षभर तेच नाही वाचायचं मला," एवढंच म्हणाली. त्या दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली ती या वाक्याने.

मग तिलाच विचारलं. कोडिंग आवडतं, पण कॉम्प्युटरच हवं असं नाही, आयटी चालेल, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन चालेल. मेकॅनिकल नको. आणि पुणेच हवं असंही नाही, पण आठवड्याच्या शेवटी एका रात्रीत घरी येता आलं पाहिजे. आधीच्या आठ दिवसांत झालेल्या सगळ्या चर्चेपेक्षा या चार वाक्यांनी जास्त काम केलं.

निर्णयाची वळणं

टोकन. वडिलांना मी 'भरू नका' असं सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो, मामा पुन्हा फोन करतात. मी तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: पावती महाविद्यालयाच्या नावाची मिळेल का, प्रवेश कॅपचा असेल की संस्थास्तरीय, आणि या फी सवलतीच्या शिष्यवृत्तीसाठी पात्र असल्याचं महाविद्यालय लिहून देईल का. वडिलांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा मामांना फोन: "तुमचे पाव्हणे फार कायदा काढतात." पन्नास हजार वाचले.

मामा नाराज झाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्या माणसाकडून त्यांना काही मिळणारही नव्हतं. त्यांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने मुलाला असाच प्रवेश घेऊन दिला होता. पण तो मुलगा खुल्या प्रवर्गातला, उत्पन्न ८ लाखांच्या वर, म्हणजे त्याला शिष्यवृत्ती तशीही मिळणार नव्हती. त्याच्यापुरता तो व्यवहार बसला असेल. एका घराचा सल्ला दुसऱ्या घराला लावताना प्रवर्ग, उत्पन्न, मुलगा की मुलगी हे तिन्ही तपासावं लागतं.

नॉन-क्रीमीलेअर. इथे दोन 'उत्पन्नां'ची गल्लत होती आणि ती फार घरांत होते. नॉन-क्रीमीलेअरसाठी उत्पन्न मोजताना पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदार पालकाचं पद कोणत्या गटातलं आहे ते पाहतात. कनिष्ठ सहायक गट 'क'मध्ये येतो. त्यामुळे पगारवाढीने यांचं प्रमाणपत्र जाण्याचं कारण नव्हतं. फी सवलतीसाठी मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार, शेती, सगळं येतं. यांचं ते सहा लाख नव्वद हजार भरलं. ८ लाखांच्या आत, पण फार आत नाही.

प्रमाणपत्रासाठी सेतूमध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. अख्खा तालुका तिथेच होता. नोंदणीच्या वेळी अर्जाची पावती जोडता येते आणि मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं, नाहीतर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. प्रमाणपत्र मुदतीच्या आत आलं. वडिलांच्या खात्यातल्या ओळखीमुळे आलं असं त्यांना वाटतं, मला तसं वाटत नाही, पण त्यावर वाद घातला नाही. जात पडताळणी अकरावीतच झालेली होती, हे या घराचं नशीब. ती राहिली असती तर जुलैमध्ये काही करता येणं कठीण होतं.

ऑप्शन फॉर्म. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मामांचा सल्ला होता, मिळतील अशी आठ-दहाच कॉलेजं टाका, उगाच वरची टाकली तर नंबर खाली जातो. हा समज कुठून आला देव जाणे, पण दरवर्षी भेटतो. कॅपमध्ये ३००पर्यंत पर्याय भरता येतात. यंत्रणा विद्यार्थ्याच्या गुणवत्ता क्रमांकानुसार त्याचा पहिला पर्याय पाहते, तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वर अशक्य पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कणभरही कमी होत नाही. कमी पर्याय टाकल्याने मात्र हात रिकामे राहू शकतात.

म्हणजे क्रम आवडीचा ठेवायचा, शक्यतेचा नाही. पण २०२५च्या प्रक्रियेत एक नवी मेख होती. फेऱ्या चार झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी एक मिळाला किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एक मिळाला, तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. पुढे बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची संधी, नाही. ती नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतूनही बाहेर. त्यामुळे पहिल्या सहा ओळींत असं एकही नाव नको जे मिळालं तर मुलगी रडेल.

वडिलांनी चौथ्या क्रमांकावर एका नामांकित महाविद्यालयाची मेकॅनिकल टाकली होती. "नाव मोठं आहे, शाखा पुढे बदलून घेऊ." दुसऱ्या वर्षी शाखाबदल होऊ शकतो, पण रिकाम्या जागा किती आणि गुण किती यावर तो अवलंबून असतो. त्याच्या भरवशावर चार वर्षं लावू नयेत. मुलगी काही बोलेना. आईने विचारलं, "तुला आवडेल का गं हे?" तिने नकारार्थी मान हलवली. ओळ खाली गेली, मग यादीतूनच गेली.

टीएफडब्ल्यूएस. ट्यूशन फी वेव्हर योजना प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर शिक्षण शुल्क माफ असलेल्या ५ टक्के वाढीव जागा देते. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो. वडिलांचा समज असा की मुलींना फी माफ आहेच, मग हे कोड कशाला भरायचे. बाहेर उलटा समजही ऐकू येतो, की टीएफडब्ल्यूएस गरिबांसाठी म्हणजे कट-ऑफ कमी. प्रत्यक्षात या जागा प्रत्येक शाखेत मोजक्याच असल्याने त्यांचा कट-ऑफ बहुधा वरच असतो.

आम्ही पहिल्या काही महाविद्यालयांचे टीएफडब्ल्यूएस कोड त्याच शाखेच्या साध्या कोडच्या बरोबर वर टाकले. कारण वडिलांच्या पगाराचं. उत्पन्न ६.९ लाख आहे, पुढे वेतन आयोग आला तर ८ लाखांची रेघ ओलांडली जाऊ शकते. शिष्यवृत्तीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. टीएफडब्ल्यूएस प्रवेशाच्या वेळी एकदा मिळाली की पूर्ण अभ्यासक्रमासाठी लागू राहते, आणि शासनाकडून पैसे येण्याची वाट कोणालाच पाहावी लागत नाही. तोटा एकच: त्या जागेवरून महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही. हिला बदलायची नव्हती.

फेऱ्या आणि फीची खिडकी

पहिल्या फेरीत चौदावा पर्याय लागला, एका मध्यम दर्जाच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. घरात पेढे आणायची घाई झाली. जागा स्वीकारण्याचे १००० रुपये भरून बेटरमेंट घेतली. बेटरमेंट म्हणजे हातातली जागा सोडणं नव्हे. वरचं काही मिळालं तरच खालचं सुटतं. हे वडिलांना तीनदा सांगावं लागलं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जुगारात हातचं जातं हाच आपला अनुभव.

दुसऱ्या फेरीत पाचवा पर्याय: पुण्याजवळच्या एका स्वायत्त महाविद्यालयात आयटी, ओबीसी मुलींच्या जागेवर. टीएफडब्ल्यूएस नव्हे, साधी. वर चारच पर्याय उरले होते आणि चारही तिला हवेच होते, म्हणून पुन्हा बेटरमेंट. तिसऱ्या फेरीत वर काही सरकलं नाही. तीच जागा राहिली आणि तीच घेतली.

मग फीची खिडकी. तिथल्या कारकुनाने पूर्ण फी मागितली. "स्कॉलरशिप आली की परत देऊ." शासनाच्या सूचना याच्या उलट आहेत. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आधी घ्यायचं नाही, असं उच्च व तंत्रशिक्षण विभागाने महाविद्यालयांना बजावलेलं आहे. वडील अशा वेळी आवाज चढवणारे नाहीत. त्यांनी शासन निर्णयाची प्रत पुढे केली आणि म्हणाले, "साहेब, मी पण कारकूनच आहे. तुम्ही हे लेखी द्या, मी भरतो." अर्ध्या तासाने हमीपत्र लिहून घेऊन डेव्हलपमेंट फी आणि इतर शुल्कांवर प्रवेश झाला. सगळीकडे हे इतक्या सहज होत नाही. पैसे जवळ असलेले पालक भरून मोकळे होतात, नसलेले सावकाराकडे जातात.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरला. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि मुलीचं आधार शाळेत असताना उघडलेल्या एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. बँक पासबुकावर आधार क्रमांक लिहिलेला असणं वेगळं आणि लाभ हस्तांतरणासाठी ते खातं जोडलेलं असणं वेगळं. ते बदलायला बँकेत दोन खेपा झाल्या.

उरलेल्या सव्वा लाखाचं काय

फी सुटली म्हणजे शिक्षण फुकट, हा घरातला शेवटचा गैरसमज. हॉस्टेलचं बिल हातात आल्यावर तो गेला.

मामांनी पुन्हा फोन केला: निर्वाह भत्ता मिळतो, अर्ज करा. ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे आणि पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. पण तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या व्याज अनुदानाची मर्यादा साडेचार लाख. फी सवलतीची ८ लाख. सहा लाख नव्वद हजारवालं घर यांतल्या एकाच दारातून आत जातं. 'आम्हाला सरकारची सवलत आहे' हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. कोणती सवलत, ते प्रत्येक वेळी विचारायचं.

पीएम विद्यालक्ष्मीचाही विषय निघाला. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांनाच लागू आहे, हिचं महाविद्यालय त्या यादीत नव्हतं. शिवाय दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती व्याज सवलत मिळत नाही.

राहिलं साधं शैक्षणिक कर्ज. वडिलांच्या डोक्यात सातबारा अजून होताच. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज पतहमी योजनेखाली विनातारण मिळू शकतं, आणि चार लाखांपर्यंत तर स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. गावातल्या शाखेने आधी "तारण आणा" म्हटलं, मग तालुक्याच्या शाखेने चार लाख मंजूर केले. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, हे बरेच जण विसरतात.

वडिलांचा विचार वेगळा होता: भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढू, मुलीच्या डोक्यावर कर्ज नको. यावर आमचं एकमत झालं नाही. माझ्या मते निवृत्तीचा पैसा शिक्षणात घालणं म्हणजे पन्नाशीच्या माणसाने बाविशीच्या मुलीचं ओझं उचलणं, आणि कर्ज मंजूर असलं तरी सगळं उचलावंच लागतं असं नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. पहिल्या वर्षाचे पैसे निधीतून, पुढच्या वर्षांसाठी कर्ज मंजूर करून ठेवलेलं, लागेल तसं उचलायचं. लॅपटॉप आईच्या बचत गटातून आला, त्याची चर्चा कोणी केली नाही.

निकाल

मुलगी आयटीच्या वर्गात आहे. घरातून वर्षाला जाणारी रक्कम सव्वा लाखाच्या थोडी वर गेली, कारण मेसच्या जेवणाला कंटाळून महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरचं होतं. मॅनेजमेंट कोट्याच्या रकान्याशी तुलना केली तर चार वर्षांत आठ लाखांच्या आसपास फरक. शाखा कॉम्प्युटरऐवजी आयटी. अभ्यासक्रमातला फरक तिच्या मते "दोन-तीन विषयांचा".

वेगळं काय करता आलं असतं

नॉन-क्रीमीलेअर एप्रिलमध्ये, सीईटी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढता आलं असतं. तेव्हा सेतू रिकामा असतो. हे सोपं, सगळ्यांना माहीत असलेलं आणि तरी दरवर्षी राहून जाणारं काम आहे.

शासकीय महाविद्यालयाचा रकाना आम्ही जरा लवकर मिटला. तिथल्या इलेक्ट्रिकलचा ओबीसी मुलींच्या जागेचा शेवटच्या फेरीतला कट-ऑफ नंतर पाहिला, तेव्हा ती शाखा हिला मिळू शकली असती असं दिसलं. वर्षाला पन्नास हजारांचा फरक पडला असता. तिने ती घेतली असती का, ते सांगता येत नाही. पण यादीत तो कोड असायला हवा होता. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघताना खुल्या प्रवर्गाची ओळ बघून पुढे सरकायची सवय असते, आपल्या प्रवर्गाची ओळ त्याच कागदावर खाली असते.

पुण्यातल्या शासकीय मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करायला हवा होता. प्रवेशाच्या धावपळीत त्याची तारीख निघून गेली. दुसऱ्या वर्षासाठी तो अर्ज भरायचा आहे.

टोकनच्या बाबतीत मला अजूनही खात्री नाही की फक्त प्रश्न विचारायला लावणं पुरेसं होतं. त्या माणसाने उत्तरं दिली असती, खोटी पावती दाखवली असती, तर वडिलांनी पैसे भरले असते. तक्रार करण्याचा मार्ग होता, पण मामांच्या नात्याला धक्का लागेल म्हणून घरच्यांनी तो घेतला नाही.

आता धाकटा. तो दहावीला जाईल, त्यालाही इंजिनिअरिंगच करायचं आहे. वडिलांनी बहिणीच्या हिशेबाचा कागद जपून ठेवला आहे, पण तो त्याला तसाच लागू नाही. ओबीसी मुलाला कॅपमधून खासगी महाविद्यालयात शिक्षण शुल्काच्या ५० टक्के लाभ मिळतो, १०० नाही. मुलींचं ३० टक्के आरक्षणही त्याला नाही. तोवर वडिलांचं उत्पन्न ८ लाखांच्या पुढे गेलं तर तेही ५० टक्के जातील. त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएस आणि शासकीय महाविद्यालय यांचं वजन कितीतरी जास्त असेल, आणि जात पडताळणीचा अर्ज अकरावीत प्रवेश घेतल्या घेतल्या करायचा आहे.